रक्तमोक्षण : ग्रीकांचे, रोमनांचे आणि आमचे

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी घरातील वडील मंडळींच्या तोंडून ऐकली असेल. उद्योग नसलेला मनुष्य काहीतरी निरर्थक खटाटोप करीत बसतो, एवढा तिचा अर्थ आपण घेतो आणि पुढे जातो. परंतु न्हाव्याचा व तुंबडीचा संबंध काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याच्या हाती वस्तरा, त्याच्याकडेच पूर्वी अंगातील वाईट रक्त काढून टाकण्याचे काम असे. कातडीवर फासण्या मारावयाच्या, त्यांवर तुंबडी लावावयाची व रक्त ओढून घ्यावयाचे. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी बिचारा भिंतीखेरीज तुंबडी लावणार तरी कोणास?

आमच्या लहानपणी यवतमाळच्या आठवडी बाजारात गाईच्या शिंगांच्या तुंबड्या मांडून बसलेला एक वैदू आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. गुडघे धरलेला एखादा शेतकरी त्याच्यापुढे पाय पसरून बसे. वैदू शिंगाचे रुंद तोंड गुडघ्यावर टेकवून टोकाच्या छिद्रातून हवा ओढून घेई, छिद्र बंद करी आणि शिंग हात सोडूनही जागच्या जागी चिकटून राही. आम्हां मुलांस तो मोठा चमत्कार वाटे. पुढे पुष्कळ वर्षांनी, रोम शहरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेल्या सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने हीच क्रिया जवळजवळ याच तपशिलाने लिहून ठेवली आहे, असे आमच्या वाचनात आले, तेव्हा आम्ही थक्क झालो. तेव्हापासून या विषयाचा नाद लागला. या नादाचे दुसरेही एक कारण आहे व ते आम्हांस भूषणावह नाही. तेही यथाक्रम सांगू.

प्रथम ग्रीकांकडे वळू. वैद्यकाचा जनक म्हणून युरोपात ज्याचे नाव घेतात तो हिपोक्रेटीस इ. स. पूर्व ४६० च्या सुमारास कॉस नावाच्या बेटावर जन्मला. त्याच्या नावावर सुमारे साठ ग्रंथ मोडतात. ते सगळे एका हातचे नव्हेत. त्यांपैकी मनुष्याच्या प्रकृतीविषयीचा जो ग्रंथ आहे तो त्याचा जावई पॉलिबस याचा समजतात. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार रस असून त्यांचा मेळ म्हणजे आरोग्य व बिघाड म्हणजे रोग, हा सिद्धांत त्या ग्रंथात आहे. वाचकांस येथे आपल्या त्रिदोषांची आठवण होणे साहजिक आहे. आपण वात, पित्त व कफ असे तीन मानतो. परंतु सुश्रुतसंहितेत हे शरीर वात, पित्त, कफ आणि चौथे रक्त यांनी धारण केले आहे, असेही म्हटले आहे. शल्यतंत्र ज्याच्या हाती, त्याचे लक्ष रक्ताकडे वारंवार जावे हे स्वाभाविकच होय.

आता, रस वाढला म्हणजे तो कमी करावा, हा विचार कोणाही गृहिणीस पटण्यासारखा आहे. भांडे उतू जाऊ लागले तर त्यातले थोडे काढून घ्यावे, तसेच हे. वसंत ऋतूत रक्त वाढते असे ग्रीकांचे मत होते, म्हणून ते वसंतात शीर तोडणे पसंत करीत. आपल्याकडे शरद ऋतूत पित्ताबरोबर रक्त बिघडते असे मानतात, म्हणून आपले वैद्य शरदात रक्तमोक्षण सांगतात. ऋतू निराळा, पण तर्क एकच. तथापि हिपोक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांत शीर तोडण्याचा उपाय फार वेळा येत नाही. बरगडीत तीव्र वेदना असेल तर कोपराच्या आतील शीर उघडावी, अशा स्वरूपाची मोजकी विधाने आढळतात. पथ्य, स्नान, विश्रांती व जवाचे पेय यांवरच त्या जुन्या ग्रीक वैद्यांचा भर अधिक होता.

पुढे विद्येचे केंद्र ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत गेले. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तेथे एरॅसिस्ट्रेटस नावाचा मोठा शोधक वैद्य झाला. रक्ताच्या अतिरेकाने रोग होतो हे त्यास मान्य होते; परंतु त्यासाठी शीर तोडण्याचे कारण नाही, रोग्यास लंघन घालावे म्हणजे रक्त आपोआप कमी होईल, असे त्याचे म्हणणे. लंघनाची थोरवी आपल्या घरांतून वेगळी सांगावयास नको. मात्र या शहाण्या माणसाची एक समजूत चुकीची होती. आपण ज्यांस धमन्या म्हणतो त्यांत रक्त नसून केवळ प्राणवायू असतो, असे तो मानी.

रोममध्ये ग्रीक वैद्यक शिरले ते इ. स. पूर्व २१९ साली आर्कागॅथस नावाच्या वैद्याबरोबर, असे प्लिनीने लिहिले आहे. रोमन लोकांनी प्रथम त्याचे मोठे स्वागत केले, नागरिकत्व दिले, सरकारी खर्चाने दुकान घेऊन दिले. पण त्याचा कापण्याचा व डागण्याचा सपाटा पाहून थोड्याच काळात त्याचे नाव ‘खाटीक’ असे पडले! लोकमत असे झपाट्याने पालटते, हे दोन हजार वर्षांपूर्वीही खरेच होते.

यानंतर सेल्ससचा काळ येतो. शीर तोडून रक्त काढणे ही गोष्ट नवी नाही, पण ते ज्यात केले जात नाही असा रोगच उरू नये ही मात्र नवी गोष्ट आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. म्हणजे मोजका उपाय सरसकट झाल्याची जाणीव त्या काळच्या विचारी माणसास झाली होती. तुंबड्या दोन प्रकारच्या, एक काशाची व एक शिंगाची, असेही तो सांगतो. काशाच्या तुंबडीत जळती वात ठेवून ती अंगावर दाबावयाची. शिंगाच्या तुंबडीतील हवा टोकाच्या छिद्रातून तोंडाने ओढून ते छिद्र मेणाने बुजवावयाचे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गडप झालेल्या पाँपेई नगरीच्या उत्खननात अशा काशाच्या तुंबड्या प्रत्यक्ष सापडल्या आहेत. अथेन्सच्या जेसन नावाच्या एका वैद्याची स्मृतिशिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; तीवर तो रोगी मुलास तपासतो आहे आणि शेजारी त्याच्या धंद्याची खूण म्हणून भली मोठी तुंबडी कोरली आहे. आजच्या डॉक्टरच्या गळ्यात जशी नळी, तशी त्या काळच्या वैद्याची ती तुंबडी.

आता याच्याशेजारी आपला सुश्रुत ठेवा. आज उपलब्ध असलेली सुश्रुतसंहिता अनेक शतकांत सिद्ध झाली, असे विद्वान मानतात. तीत रक्त काढण्यास शृंग, अलाबू व जलौका, म्हणजे शिंग, भोपळा व जळू, ही साधने सांगितली असून वाताने बिघडलेल्या रक्तास शिंग, पित्ताने बिघडलेल्यास जळू व कफाने बिघडलेल्यास भोपळा, अशी वाटणी केली आहे. शिंगाच्या तोंडाशी पातळ पडदा बांधून तोंडाने ओढावे आणि भोपळ्यात दिवा ठेवावा. सेल्ससची काशाची तुंबडी आणि आमचा भोपळा ही सख्खी भावंडेच म्हणावयाची. तुंबा म्हणजे कडू भोपळा, त्यावरून तुंबडी, हे सांगावयास नकोच. जळवा बारा प्रकारच्या, त्यांत सहा विषारी व सहा निर्विष. त्या कशा पकडाव्या, नव्या मडक्यात कशा ठेवाव्या, चावल्या जागी टोचू किंवा खाजू लागले म्हणजे जळू आता शुद्ध रक्त पीत आहे असे समजून तिच्या तोंडावर सैंधव टाकून ती कशी सोडवावी, हे सारे त्यात आहे. शिष्याने प्रत्यक्ष रोग्यास हात लावण्यापूर्वी मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर सराव करावा, हा नियम वाचून तर आम्हां शिक्षकांचे मन प्रसन्न होते.

प्रमाणाविषयीही ग्रंथ मुका नाही. सशक्त, प्रौढ व दोष बहुत झालेल्या मनुष्याचे फार तर एक प्रस्थ रक्त काढावे, असे तो म्हणतो. या कामी साडेतेरा पलांचा प्रस्थ धरतात. ते आजच्या मापाने अर्ध्या लिटरच्या आसपास किंवा थोडे अधिक भरते. हल्ली रक्तदानाच्या वेळी धडधाकट माणसाचे ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मर्यादेचे शहाणपण कळून येते.

रोमकडे पुन्हा येऊ, कारण या कथेतील मुख्य पुरुष अद्याप यावयाचा आहे. आशिया मायनरमधील पर्गॅमम येथे इ. स. १२९ मध्ये जन्मलेला गेलन इ. स. १६२ च्या सुमारास रोममध्ये आला. बुद्धी तीक्ष्ण, वाणी त्याहून तीक्ष्ण. जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधून मधला भाग चिरला, तर आतून रक्तच येते, हे त्याने दाखविले आणि धमन्यांत वायू असतो ही एरॅसिस्ट्रेटसची समजूत कायमची मोडली. अन्नाचे यकृतात रक्त होते, ते शरीरभर जाऊन तेथेच खर्ची पडते, आणि खर्चापेक्षा जमा अधिक झाली म्हणजे साचलेले रक्त कुजून ज्वर येतो, असे त्याचे मत होते. आपल्याकडेही अन्नरस यकृत-प्लीहांत जाऊन रक्तवर्ण होतो असेच सांगितले आहे. रक्त हे खर्ची न पडता हृदयाच्या जोराने फिरून फिरून परत येते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वेने इ. स. १६२८ मध्ये प्रसिद्ध करीपर्यंत गेलनचे मत युरोपात वेदवाक्याप्रमाणे चालले.

रक्तमोक्षणावर गेलनने तीन ग्रंथ लिहिले. रोममध्ये एरॅसिस्ट्रेटसचे अनुयायी असलेले वैद्य पुष्कळ होते व आपल्या गुरूने शीर तोडली नाही म्हणून तेही कधी तोडीत नसत. एकवीस वर्षांच्या एका मुलीचा विटाळ बंद झाला होता, चेहरा लाल, खोकला व श्वासाचा त्रास होता. गेलनने रक्त काढण्याचे सुचविले, वैद्यांनी ऐकले नाही, मुलगी दगावली. यावर त्याने त्या पंथावर सडकून टीका केली. पुढे काही वर्षांनी तो पाहतो तो काय, तेच वैद्य आता ज्याची त्याची शीर तोडीत सुटले आहेत! काल मुळीच नको म्हणणारे आज सरसकट करू लागले. तेव्हा रक्त कोणाचे, केव्हा व किती काढावे हे सांगण्यासाठी गेलनला पुन्हा लेखणी उचलावी लागली. चौदा वर्षांच्या आतील मुलाचे रक्त काढू नये, अति वृद्धांचे काढू नये, नाडी व शक्ती पाहिल्यावाचून हात घालू नये, असे निर्बंध त्याने घातले. स्वतः मात्र तो भीडभाड ठेवणारा नव्हता. कित्येक धट्ट्याकट्ट्या ज्वरग्रस्तांचे त्याने सहा सहा रोमन पौंड, म्हणजे सुमारे दोन किलो, रक्त काढल्याचे लिहिले आहे. ते वाचून आज अंगावर शहारा येतो.

गेलनचे निर्बंध काळाच्या ओघात मागे पडले आणि त्याचा वस्तरा मात्र पुढे गेला. त्याचे ग्रंथ अरबी भाषेत उतरले. बगदादच्या खलिफांच्या काळी आपल्या सुश्रुताचेही अरबीत भाषांतर झाले. पुढे इब्न सीनाच्या ‘कानून’ ग्रंथात ग्रीक विद्या सुव्यवस्थित मांडली गेली व तीच हकिमांबरोबर हिंदुस्थानात आली. तिचे नावच ‘युनानी’, म्हणजे आयोनियाची, ग्रीकांची. आपला ‘यवन’ शब्दही त्याच मुळाचा. आमचे वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होते व हैदराबादेत युनानी वैद्यकास राजाश्रय होता. तेव्हा आमच्या मुलखात सुश्रुताची तुंबडी आणि गेलनची फसद या दोहोंची गाठ पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात तर हा प्रकार शिगेस पोहोचला. तेथेही हे काम न्हाव्यांकडेच गेले होते. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या रोगाने वारला. त्या शेवटच्या काही तासांत नामांकित डॉक्टरांनी त्याचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढले होते. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने बाहेरून चार कोटींहून अधिक जळवा आणविल्या. हे सर्व अडाणी लोक नव्हते. राजवैद्य होते, प्राध्यापक होते, आणि त्यांच्या कपाटांत गेलन होता.

या प्रवाहास बांध घातला तो एका शांत स्वभावाच्या फ्रेंच डॉक्टरने. पिएर लुई त्याचे नाव. त्याने वाद घातला नाही, त्याने मोजले. फुप्फुसदाहाच्या ७७ रोग्यांची टिपणे काढून १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने हिशेब मांडला. रोगाच्या पहिल्या चार दिवसांत ज्या ४१ जणांचे रक्त काढले त्यांपैकी १८ दगावले. ज्या ३६ जणांचे त्यानंतर काढले त्यांपैकी ९ दगावले. लवकर रक्त काढावे म्हणजे रोग हटतो, ही दीड हजार वर्षांची श्रद्धा या चार आकड्यांपुढे उभी राहू शकली नाही. शाळेतील अंकगणिताचा याहून मोठा गौरव आम्हांस ठाऊक नाही.

याचा अर्थ सारेच खोटे होते असा नव्हे. रक्तातील तांबड्या पेशी अतोनात वाढणाऱ्या एका रोगात व शरीरात लोह साचणाऱ्या दुसऱ्या एका रोगात आजही डॉक्टर मोजून रक्त काढतात. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य आहे हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट याने दाखविले. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर तेथे रक्त साचू नये म्हणून जळवा लावतात, आणि अमेरिकेच्या सरकारने २००४ मध्ये त्यास रीतसर मान्यता दिली. म्हणजे साधन वाईट नव्हे. कोणास लावावयाचे हा प्रश्न आहे. आणि येथेच आम्हांस आमची स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही पांढरकवड्याच्या पलीकडे जंगलपट्ट्यातील एका लहान शाळेवर होतो. चौथीत एका शेतमजुराचा मुलगा होता. वय नऊ-दहा, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. थंडी पडू लागली की त्याचे हातपाय दुखू लागत. तो भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसे; कधी बोटे सुजत, कधी ताप येई. डोळ्यांत पिवळी झाक होती ती आम्ही रोज पाहत होतो, परंतु पाहणे आणि लक्षात घेणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एके दिवशी त्याचा बाप शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, लोक म्हनतात पोराच्या पायात वाईट रगत साचलं हाय. तुंबडी लावून काढाव म्हनतो. तुमी पोथ्या वाचता. तुमचं काय म्हननं हाय?”

आमच्या आजोबांची वैद्यकी होती. त्यांचे ग्रंथ आमच्या फडताळात होते व त्यांतील काही भाग आम्ही चाळला होता. शल्यतंत्रात सिराव्यध ही निम्मी चिकित्सा होय, असे सुश्रुताने म्हटल्याचे आम्हांस पाठ होते. आम्ही मोठ्या गंभीरपणे सांगितले की, शास्त्रात हा उपाय आहे, करण्यास प्रत्यवाय नाही. संस्कृतज्ञ म्हणून गावात आमची जी पत होती ती त्या क्षणी आम्हांस गोड लागली, हे कबूल करतो.

तुंबडी लागली. दोन्ही गुडघ्यांवर फासण्या मारून रक्त काढले. तिसऱ्या दिवशी मुलास धाप लागली, ओठ कागदासारखे पांढरे झाले व तो उठून बसेना. बापाने त्यास खांद्यावर घेतले आणि एस. टी.ने यवतमाळच्या रुग्णालयात नेले. आम्हीही बरोबर गेलो. तपासणीअंती डॉक्टरांनी सांगितले की, मुलास सिकलसेल नावाचा जन्मजात रक्ताचा आजार आहे, अंगात रक्त मुळातच फार कमी आहे, आणि त्यातले आणखी काढले आहे. मग त्यांनी विचारले, “रक्त काढायला कोणी सांगितलं?” बापाने मान खाली घातली. त्याने आमचे नाव घेतले नाही. आणि वाचकहो, आम्हीही तोंड उघडले नाही.

ज्या देहातून रक्त काढविले त्यात दुसऱ्याचे रक्त भरावे लागले. रक्तपेढीत बदली दाता मागितला तेव्हा आम्ही हात पुढे केला. त्याने काही फिटले असे आम्ही मानीत नाही. मुलगा वाचला.

त्या रात्री घरी येऊन आम्ही फडताळातील सुश्रुत काढला व कंदिलाच्या उजेडात ते अध्याय प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत वाचले. सूत्रस्थानात रक्ताचे वर्णन करणाऱ्या अध्यायात, कोणाचे रक्त काढू नये त्यांची यादीच दिली आहे. क्षीण झालेल्याचे नको, गर्भिणीचे नको, आणि पांडुरोग्याच्या सुजेवर रक्तमोक्षण करू नये असे स्वच्छ लिहिले आहे. शारीरस्थानात शीर कोणाची तोडू नये हे सांगताना बालकाचे नाव अगदी आरंभीच आहे. रक्त हे देहाचे मूळ आहे, ते यत्नाने राखावे, असा उपदेशही सूत्रस्थानात आहे. बालक, क्षीण, पांडुर आणि सुजलेला: ग्रंथाने ज्या ज्या कारणांनी नको म्हटले ती ती सगळी त्या एका मुलाच्या ठायी होती. दोष सुश्रुताचा नव्हता. गेलननेही त्या मुलास हात लावला नसता. दोष अर्धेच वाचून सबंध बोलणाऱ्या आम्हां मास्तराचा होता.

त्या आजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो आमच्या जिल्ह्याच्या घराघराशी संबद्ध आहे. निरोगी मनुष्याच्या तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दहा-वीस दिवसांतच मरतात. अडकतात म्हणून हाडे व सांधे असह्य दुखतात. लवकर मरतात म्हणून रक्त कमी होते व डोळे पिवळे दिसतात. थंडी, ताप, अतिश्रम व पाणी कमी पिणे यांनी दुखणे उफाळते. शिकागोच्या जेम्स हेरिक याने १९१० मध्ये या वाकड्या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात त्या १९५२ मध्ये निलगिरीत आढळल्या आणि नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील त्यांच्या अस्तित्वाविषयी लिहिले. म्हणजे आम्ही तो शास्त्राधार दिला त्याच्या तीस वर्षे आधी ही गोष्ट यवतमाळहून शंभर मैलांच्या आत माहीत झालेली होती.

हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक असतो व बहुधा त्यास काही त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याचा संभव चारांत एक. विदर्भात हा दोष आदिवासी व अन्य अनेक समाजांत आढळतो. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ असे म्हणून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट ठेवले आहे. पहिल्या तपासणीस बोटातील रक्ताचा एक थेंब पुरतो. काढावयाचेच असेल तर तेवढे रक्त काढावे!

एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आमची विनंती इतकीच. घरातील, शेतावरील अथवा कामास येणाऱ्या बाईच्या मुलाचे सांधे वारंवार दुखत असतील व डोळे फिके किंवा पिवळे असतील, तर वात म्हणून तेल चोळीत बसू नये, कोणास तुंबडीही सुचवू नये. मुलास पाणी भरपूर द्यावे, ऊब द्यावी व तपासणीस न्यावे. या आजारावर औषधे आहेत आणि वेळीच सुरू केल्यास त्यांचा चांगला उपयोग होतो. लग्न ठरविताना पत्रिका अवश्य पाहावी, पण तिच्याबरोबर दोघांच्या रक्ताच्या तपासणीचा कागदही पाहावा. आणि ज्यांच्या शब्दास गावात मान आहे त्यांनी तर तो शब्द जपूनच खर्च करावा.

काही महिन्यांनी आम्ही त्या बापाच्या घरी गेलो व चूक आमची होती हे त्यास सांगितले. त्याने आम्हांस बाजेवर बसविले, पाणी दिले आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “गुरुजी, तुमी पुस्तक वाचून सांगतलं, म्या इस्वास ठेवला. आता दुसऱ्याले सांगान तं पुरं वाचून सांगजा.”

तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. औषध नियमाने घेतो, थंडीत जपतो, आणि दर दिवाळीस येऊन नमस्कार करतो. त्याच्या बापाच्या शब्दाप्रमाणे आम्ही पुरे वाचण्याचा प्रयत्न केला, आणि जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवले आहे.